माळवाडीची जोडीण

निशिगंधा मगदूम दमली होती आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. दमलेल्या बाईला आपल्याकडं लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, रक्त तपासलंस का? आणि दुसरी, मग एवढं ओढवून कशाला घेतलंस? शनिवारी सकाळी राजारामपुरीतल्या आपल्या ऑफिसचा जिना चढताना ती मधल्या पायरीवरच थांबली. वॉचमन खालनं ओरडला, "मॅडम, काय इसरलासा काय?" विसरलं काही नव्हतं. पाय वर जायला तयार नव्हते, एवढंच.

वय सत्तेचाळीस. जन्म मुरगूडचा. वडिलांना सगळं गाव आण्णा म्हणायचं आणि त्यांचं सायकलचं दुकान होतं. पोरगी आधी पंक्चर काढायला शिकली, मग इंजिनिअर झाली, मग पुण्यात एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळायला लागली. अकरा वर्षं. पगार असा की आण्णा मुरगुडात आकडा सांगायचे आणि लोक म्हणायचे, आण्णा फेकतोय. आणि एक दिवस ही बया सगळं सोडून कोल्हापुरात परत! बायकांना आपले पैसे आपल्या फोनवरून आपणच हाताळता यावेत, म्हणून कंपनी काढणार म्हणे. दुधाचे, भाजीचे, शिलाईचे पैसे. नवरा सम्राट उद्यमनगरात पंपाचे सुटे भाग विकायचा. तो म्हणाला, "काढ की. खरं मला त्यातलं काय इचारू नगंस." पै-पाव्हण्यांनी मात्र कपाळाला हात लावला. सोन्यासारखी नोकरी सोडली, पोरगी डोक्यावर पडलीय. हे सगळं तिच्या तोंडावर बोलले बरं का, कोल्हापूरकर पाठीमागं बोलायचे कष्ट घेत नाहीत.

पहिली चार वर्षं जे हाल काढले ते तिचं तिला ठाऊक. सोमवारी कोल्हापूर बंद, म्हणून ऑफिसला सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी ही एसटीनं चंदगडला. देवळात म्हणू नका, शाळेच्या व्हरांड्यात म्हणू नका, जागा मिळेल तिथं बायका गोळा करायच्या आणि फोन वापरायला शिकवायचं. फुकट. तिकडं पावसात रेंज गेली की चार-चार दिवस येत नाही. मग कागदावर फोनचं चित्र काढून शिकवायचं. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. "ताई, कागदावरनं पैसं येत्यात व्हय?" तीसुद्धा हसायची. तेव्हा हसायला अंगात ताकद होती.

तिथंच तिनं एक गोष्ट पाहिली. बँकेत बाई एकटी येत नाही, दोघी येतात. एक काउंटरवर बोलते, दुसरी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहते, आणि आतला साहेब खेकसला की ती मागची बोलते. निशिगंधानं हेच उचलून फोनमध्ये घातलं. प्रत्येकीनं आपली एक जोडीण निवडायची. दोन हजारांच्या वर पैसे कुणाला पाठवायचे असतील तर आधी जोडिणीच्या फोनवर निरोप जाणार. तिथं दोन बटणं, हिरवं 'व्हय' आणि तांबडं 'न्हाय'. जोडिणीनं व्हय दाबलं तरच पैसे हलणार. बटणांवरची भाषा बघून पुण्याच्या एका तज्ज्ञानं नाक मुरडलं. "मॅडम, हे जरा अशुद्ध वाटतं." ती म्हणाली, "वाटू दे. तुम्ही नका वापरू."

आणि चाललं की! असं चाललं की नाद खुळा. पाच जिल्हे, पावणेदोन लाख बायका. महिला दिनाला सात ठिकाणची निमंत्रणं, आणि सातही ठिकाणी तेच भाषण. मग दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं ही कंपनी विकत घेतली. निशिगंधा प्रमुख म्हणून राहिली, पण दिवसभराचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या कशा असतात हे समजावून सांगणं. सोमवार तरीही चंदगडला. घरी पोचेपर्यंत सम्राट जेवून टीव्हीपुढं पेंगलेला. "घरात पावणं आल्यागत येतीस बग," तो म्हणायचा. भांडत नव्हता बिचारा, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

तर तिनं ठरवलं होतं. या महिनाअखेरीला सुटायचं. राजीनामा मंजूर झाला होता, बारा दिवस राहिले होते. ते बारा दिवस ती शाळेतल्या पोरासारखी मोजत होती आणि मोजताना तिला लाजही वाटत होती.

वर ऑफिसात स्वप्नाली वाट बघत उभी होती. संशयास्पद व्यवहार शोधायचं खातं तिच्याकडं. पोरगी हुशार, पण तोंडावर आनंद आणि संकट दोन्ही एकसारखंच दिसतं.

"मॅडम, माळवाडीची सत्तावन्न खाती गुरुवारपासून बंद पडलीत. सगळ्यांची जोडीण एकच बाई आहे. धोंडुबाई म्हणून, वय एकाहत्तर. एका फोनवरून सत्तावन्न जणींना होकार. कॉम्प्युटरला वाटलं कुणीतरी म्हातारीच्या नावावर लुबाडतंय, त्यानं कुलूप घातलं."

"दिवाळीच्या तोंडावर?"

"फरक बुधवारी जमा झाला, मॅडम, आणि सगळ्यांचे निरोप एकदम त्या एका फोनवर गेले." फरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था दिवाळीला जे जादाचे पैसे देते ते. वर्षातली बायकांची सगळ्यात मोठी रक्कम. "आणि अजून एक. जिल्ह्यात सगळीकडं शंभरात एखाद-दुसरा नकार असतो. माळवाडीत तीनातला एक. पुण्याला वाटतंय तिथं बटणच बिघडलंय."

तेवढ्यात पुण्याहून नृसिंह सरांचा फोन. ते तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, सभ्य होता, आणि सभ्य माणसाशी भांडायला दुप्पट शक्ती लागते. "निशिगंधाताई, दोनच रस्ते. आज पाचपर्यंत प्रत्येकीची वेगळी जोडीण करून घ्या, खाती लगेच उघडतील. नाहीतर एकच जोडीण चालू ठेवायची गावाला खास सवलत द्या, तुमच्या सहीनं. पण सवलत ज्याच्या सहीची, त्यानं तीन वर्षं जागा सोडायची नाही. नियम तुमचाच आहे."

होता खरा. सह्या ठोकून पळून जाणाऱ्या साहेबांसाठी तिनंच तो केला होता. घ्या आता.

"जोडिणी बदलून घेते," ती म्हणाली. त्यात काय, तिला वाटलं. अडाणीपणानं एकीचं बघून दुसरीनं केलं असणार. दोन तासांचं काम.

स्वतःच गाडी काढली. बिद्रीच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं, गोगलगायीच्या चालीनं, बाराच्या सुमाराला खालची माळवाडी गाठली. धोंडुबाईचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या, दारात एक म्हैस. म्हातारी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. कृश, पण पाठ सरळ.

"तूच व्हय ती फोनवाली? ये, बस. पाणी पी आदी."

निशिगंधानं पाणी पिऊन विचारलं, "आक्का, सत्तावन्न बायकांनी तुमचंच नाव कसं काय दिलं?"

"मग कुणाचं देणार?" धोंडुबाईनं शेंग फोडायची थांबवली. "जावंचं दिलं तर जावंचा दाल्ला म्हंजे आपल्या दाल्ल्याचा भाऊ. दोघं एका ताटात जेवत्यात. शेजारणीचं दिलं तर तिचा दाल्ला ह्याच्या संगट पारावर बसतोय. बाप्यांनी बाप्यांस्नी सांगितलं की झालं बटण दाबून. माझ्या घरात बाप्या न्हाई. मालक जाऊन तीस वरसं झाली, पोरबाळ न्हाई, भाऊ न्हाई, दीर न्हाई. मला कोण सांगणार?"

पावणेदोन लाख बायकांसाठी जोडीण बनवताना हे निशिगंधाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि माळवाडीतल्या बायकांच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं.

"फोन बायकूचा, खरं पैसं धाडायचा आकडा दाल्ल्याला ठावं," म्हातारी सांगत होती. "त्योच पैसं धाडाय बगतोय. मग माझा फोन वाजतुया. मी न्हाय दाबती. गडी दारात येऊन बोंबलतुया. बोंबल म्हंती. बाईला पैसं खरंच द्यायचं असलं तर तिनं एकटीनं हितं यायचं, उंबऱ्यात बसायचं, पाणी प्यायचं. मग मी एकच इचारती, तुज्या मनात हाय का गं? ती व्हय म्हनली तरच मी व्हय. कवा कवा तासभर बसून ऱ्हात्यात आन तशाच उठून जात्यात. मला लिवाय-वाचाय येत न्हाई, बाई. तांबडं आन हिरवं तेवडं कळतंय."

म्हणजे बटण बिघडलेलं नव्हतं. जिल्ह्यात एकट्या माळवाडीतच ते नीट चाललं होतं.

"तरास देत असतील," निशिगंधा म्हणाली.

"देत्यात की. दारात शेण टाकत्यात. एकानं म्हशीचं दावं कापलं हुतं. गनपतीच्या जेवनाला बोलवाय इसरत्यात." म्हातारी हसली आणि मग हसणं विझलं. "खरं सांगू? दमलिया मी. रोज उठून कुनाचं तरी वंगाळ व्हायचं. तू म्हनशील तसं करीन. ऱ्हा म्हनशील तर ऱ्हाईन, सोड म्हनशील तर सुटंन."

आता इथं निशिगंधानं काय करावं? सही करावी. तिला तिथंच, त्या उंबऱ्यात, स्वच्छ कळलं होतं की सही करावी. पण सही म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षं म्हणजे तो जिना, ती मधली पायरी, त्या शेळ्या आणि ते उंट. आणि मग तिच्या मनानं, माणसाचं मन असतंच चोर, म्हातारीच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उचलला. आक्का दमल्यात. एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या दारात शेण टाकतात आणि आपण तिला अजून तीन वर्षं बसवायचं? हा कुठला न्याय? असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगताना डोळे भरूनही आले. ते डोळे खरोखर कुणासाठी भरले होते, हे तिनं तपासलं नाही.

दूध संस्थेच्या हॉलमध्ये सत्तावन्नच्या सत्तावन्न बायका जमल्या होत्या. निशिगंधानं नियम सांगितला. पाचच्या आत नवी जोडीण दिली नाही तर दिवाळी होईस्तोवर खाती बंद. चंदगडच्या बायका असत्या तर कालवा केला असता. या फक्त बघत राहिल्या.

मागनं एकजण उठली. चाळिशीची, हिरवी साडी, हातात फोन घट्ट धरलेला. पूर्णिमा भोपळे. "ताई, एक वरीस ऱ्हाऊ दे की धोंडाक्कांना. माझी पोरगी नर्सिंगला लागलीया बेळगावला. अडतीस हजार फरक आलाय, त्योच तिच्या फीचा. मालकास्नी शर्यतीच्या बैलात भागी घ्यायचीया. आक्का हाईत म्हणून पैसं हाईत."

सगळ्यांनी मान डोलावली. कुणाचं गळ्यातलं, कुणाचं शौचालयाचं बांधकाम, कुणाचं नुसतंच गाठीला ठेवलेलं.

"तुम्ही आकडा बदला ना," निशिगंधा म्हणाली. "नवऱ्याला सांगू नका."

बायका एवढ्या हसल्या की तिला आपल्या शिक्षणाची लाज वाटली. पूर्णिमा मात्र हसली नाही. "आकडा सांगितला न्हाई तर मार बसतुया, ताई. आक्कांनी न्हाय दाबलं तर आक्कांस्नी शिव्या बसत्यात. मला मार बसत न्हाई. मी म्हंती, म्या तर धाडलं हुतं की, म्हातारीच अडून बसलीया."

तुम्हीच सांगा, यापेक्षा चांगली सोय कुठल्या इंजिनिअरनं केली असती? निशिगंधाच्या ओठांवर आलंही होतं की थांबा, करते मी सही. आणि ती म्हणाली, "माझ्या हातात नाही गं."

होतं. तिच्या एकटीच्याच हातात होतं.

पुढं सगळं झरझर झालं. जोड्या लावल्या. ज्यांना माहेरचं जवळ होतं त्यांनी बहिणीचं नाव दिलं, दोघी-चौघी सुटल्या त्यात. बाकीच्यांनी जी शेजारी बसली होती तिचं दिलं. पूर्णिमानं शेवटपर्यंत कुणाचंच नाव घेतलं नाही. साडेचार वाजले. बहिणी नाहीत, मैत्रिणी सगळ्या वाटून गेल्या. तिची जाऊ मोना शेजारीच बसली होती, नाकासमोर चालणारी, भित्री बाई. निशिगंधाच म्हणाली, "जावेचं घालू का? घरचीच आहे, बरं पडेल." पूर्णिमानं तिच्याकडं पाहिलं. निशिगंधानं नाव घातलं.

निघताना ती धोंडुबाईच्या दारात थांबली, तेव्हा म्हातारीनं मूठभर शेंगा तिच्या पर्समध्ये कोंबल्या. "बरं झालं बाई, सोडवलंस. आता म्हशीकडं बगाय हुईल." आणि मग हळूच, "पोरी काय म्हनल्या?"

"काही नाही म्हणाल्या, आक्का."

"मग कठीन हाय," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

परत येताना कागलच्या पुढं तिनं गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसतंच बसून काढली. बारा दिवस, फक्त बारा दिवस, असं घोकत राहिली. उतार पडत नव्हता.

सातला ऑफिसात पोचली तर स्वप्नाली जिन्यातच. या खेपेला तोंडावर आनंद आहे हे ओळखू येत होतं.

"मॅडम, माळवाडी सुटली! सगळी खाती पाचला उघडली. आणि दोन तासांत एकोणपन्नास व्यवहार! मॅडम, एकसुद्धा नकार नाही. एकसुद्धा! शंभर टक्के. जिल्ह्यात सगळ्यात खाली असलेलं गाव एका दिवसात वर. नृसिंह सरांनी अभिनंदन सांगितलंय."

निशिगंधा खुर्चीत बसली. "पहिला व्यवहार कुणाचा?"

स्वप्नालीनं पडद्यावर बोट फिरवलं. "पूर्णिमा गणपतराव भोपळे. अडतीस हजार. पाच वाजून चार मिनिटांनी. जोडिणीचा होकार सहा सेकंदांत आलाय."

सहा सेकंद. तेवढ्यात तांब्या तोंडालासुद्धा लागत नाही. ते बटण मोनानं दाबलं असेल की मोनाच्या नवऱ्यानं, हे विचारायची गरज नव्हती.

निशिगंधानं पूर्णिमाचा नंबर लावला. फोन गणपतरावानं उचलला, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. मागं कुठंतरी हलगी वाजत होती, माणसं मोठ्यानं हसत होती.

"कोन? मॅडम व्हय! अवो, लई उपकार झालं बगा. चार वरसं त्या म्हातारीच्या दारात हेलपाटं घालत हुतो. आज घरातल्या घरात काम झालं. झ्याक सोय केलासा. असंच गरिबाकडं ध्यान असू द्या."

"पूर्णिमाला द्या फोन."

"देतो की. ए, मॅडमचा फोन हाय, घे." थोडा वेळ नुसती हलगी ऐकू आली. मग गणपतरावच परत आला. "तिला बोलायचं न्हाई म्हंती. खुळी हाय जरा. मनाव घेऊ नगा."

निशिगंधानं फोन ठेवला. तिला स्वतःची किळस आली. आयुष्यभर बायकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहायला शिकलेली बाई, आणि साहेब खेकसायच्या आधीच बाजूला झाली. बेळगावातल्या त्या पोरीचं नावसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

"मॅडम," स्वप्नाली अहवाल भरत होती, "कारवाई कुणी केली, इथं काय घालू? सिस्टीम घालते नेहमीसारखं."

"माझं नाव घाल."

"पण याला नाव लागत नाही, मॅडम. सवलतीला लागतं. हे काय, नुसता नियम पाळलाय."

"ठाऊक आहे मला. पूर्ण नाव घाल, आणि वाचून दाखव."

स्वप्नालीनं टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं. निशिगंधानं ते ऐकून घेतलं.